पुसलेली ओळ

मी, दगडू लक्ष्मण साळवे, वय एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, राहणार बेलापूर, चावडीच्या भिंतीवरील या फलकाचा लेखक, आज घडलेले वाचकांस जसेच्या तसे कळवितो.

नळावरील स्त्रियांची भांडणे निरर्थक आहेत, असे मी काल येथे लिहिले. त्याखाली त्याच नळावर पाणी भरणाऱ्या हौसाबाईने खडूने लिहिले, ‘बाबा, एकदा हंडा घेऊन रांगेत उभे राहा.’ वाचकाची ओळ मी कधीही पुसत नाही. खाली उत्तर देतो.

आज सकाळी ती ओळ नव्हती. हौसाबाई सर्वांदेखत म्हणाली, “आमची एक ओळ बी सोसंना व्हय तुमाला?”

तेव्हा माझा बालमित्र गणपत, ज्याच्या हाती मी फलकाचे फडके विश्वासाने सोपविले होते, हसत म्हणाला, “म्या पुसली. तुजी इज्जत राखली, गड्या!”

गणपत, लोक ज्या भरवशावर येथे लिहीत होते, तो तू पुसलास.

फडके मी परत घेतले आहे. हौसाबाईची ओळ माझ्या हाताने पुन्हा लिहिली आहे. उद्या रांगेत उभा राहीन, मगच तिला उत्तर देईन.

साक्षीदार: हौसाबाई. गणपतही हजर होता. त्याचे नाव साक्षीदारांत घ्यावे काय, ते वाचकांनी खाली लिहावे. कोणी पुसणार नाही.