पेलाग्रा आमच्या घरी ठेवला

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, मी बाबांसमोर पुस्तक भिरकावलं आणि रडायला लागले. वय वर्षे बत्तीस... दहावीच्या पोरीलाही शोभलं नसतं.

मी पवनी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटी नर्स आहे. कंत्राट यंदा संपतंय आणि पुढे वाढणार नाही, असं साहेबांनी सांगून टाकलंय. कायम व्हायचं तर भरतीची परीक्षा काढायला हवी... आणि मी दोनदा आपटलेय.

इंजेक्शन देताना माझा हात कधी थरथरत नाही. पण कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावानं कोणता रोग होतो, हे चार पर्यायांसकट समोर आलं की डोकं कोरं! सकाळी पाठ केलेलं दुपारी गायब, मग भीती वाटते, आणि त्या भीतीत उरलंसुरलंही जातं.

मोबाइलवर एका सरांचा व्हिडिओ पाहिला होता. ओळखीची जागा डोळ्यांसमोर आणा, एकेका घरात एकेक गोष्ट ठेवा आणि मनातल्या मनात त्या वाटेनं चाला... आठवेल म्हणे.

आता आमच्या पुनर्वसनाच्या गावातली घरं सगळी एकसारखी. म्हणून मी जुनं गाव घेतलं. ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी आठवीत होते, तरी आमची गल्ली मला पाठ आहे असं मला वाटायचं.

विहिरीपासून सुरुवात केली. बी-वन म्हणजे पहिलं घर, सोनबा आजोबांचं... तिथं बेरीबेरी. दुसऱ्या घरात बी-टू, तिथं सगळ्यांचे ओठ फाटलेले. तिसऱ्या घरात बी-थ्री, म्हणजे रामदास काकांकडे पेलाग्रा.

आणि दर वेळी गाडी तिसऱ्या घराशीच अडायची. रामदास काका दिसायचे, पण त्यांचं दार काही दिसायचं नाही. पंधरा दिवस हेच चाललं होतं आणि त्या रविवारी माझा बांध फुटला.

बाबा बाहेर खुर्चीवर बसले होते. काय झालं म्हणून आत आले, तर मी रडत रडत सगळी गल्ली त्यांना ऐकवली. त्यांना आधी रागच आला.

"सोनबाच्या घरी कायले बिमारी ठेवून राहिली वं? चांगला माणूस होता तो!"

मग थोडं थांबून म्हणाले, "अन् रामदास तिथं कुठचा? तो इथं आपल्या बाजूले आला. तिथं तर पार तिकडच्या टोकाले राहे. विहिरीपासून तिसरं घर आपलंच होतं ना, बाई."

खरंच की! नव्या गावठाणात चिठ्ठ्या टाकून प्लॉट मिळाले, गल्लीतली माणसं कुठच्या कुठे पांगली, आणि मी इथले शेजारी उचलून तिथं नेऊन बसवले होते. त्या नादात आमचं स्वतःचं घर मोजलंच नव्हतं.

"मग पेलाग्रा आपल्या घरी येतो, बाबा," मी म्हटलं.

"येऊ दे. आपुन पाहून घेऊ."

मला रडता रडता हसू आलं. पण त्या दिवसापासून ड्युटीवरून आले की आम्ही दोघं अंगणात बसून रोज मनानं जुन्या गावात जायला लागलो. बाबा पुढे, मी मागे... कोणाच्या दारात चिंच होती, कोणाची चौकट इतकी खाली की पाहुण्याचं डोकं आपटायचंच, सगळं सांगायचे. आमच्या घरात धान साठवायची ढोली होती, भिंतीपाशी, आई तिला शेणानं सारवायची. पेलाग्राला मी त्या ढोलीला टेकवून बसवलं.

खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. इतकी वर्षं बाबांनी "आपल्या गावात..." असं नुसतं म्हटलं की आम्ही घरातले सगळे त्यांना मध्येच थांबवायचो. बाबा, झालं ते झालं, आता कशाला... मग त्यांनी बोलणंच सोडलं होतं, आणि आम्हाला वाटलं ते विसरले.

परवा नागपूरला पेपर झाला. कॉम्प्युटरसमोर बसले आणि पहिल्या दहा मिनिटांतच नेहमीचं सुरू... हात गार, माउस घामानं ओला, अक्षरं दिसतात पण अर्थ लागत नाही. यंदाही गेलं, आता आरोग्य केंद्रात कोणत्या तोंडानं जाऊ, एवढंच डोक्यात.

पुढच्या प्रश्नात पेलाग्रा होता. मी डोळे मिटले. विहीर... सोनबा आजोबा... दुसरं घर... आणि मग आमचं दार, ढोली, आईचा सारवणाचा हात. बी-थ्री, नायसिन!

एकाच मार्काचा प्रश्न होता. पण तिथं मला श्वास घेता आला, आणि मग बाकीची घरंही एकेक करून उघडली. सगळी नाही... दोन-तीन दारांना कुलूपच होतं. रिझल्ट अजून लागायचाय आणि भीती अजून तशीच आहे, खोटं कशाला बोलू?

काल संध्याकाळी ड्युटीवरून आले. बाबांनी अंगणात आधीच दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मी म्हणणार होते की बाबा, परीक्षा झाली, आता अभ्यास नाही...

"आज बुद्धविहाराकडच्या गल्लीनं जाऊ," ते म्हणाले. "तिकडं तुले नेलंच नाही मी."

मी पर्स ठेवली आणि जाऊन बसले.