चाचानं हातात दिलेला चाकू

आमच्या शेजारचे चाचा धार लावलेला चाकू कधीच, म्हणजे कधीच, कोणाच्या हातात देत नव्हते! फरशीवर ठेवत अन् म्हणत, "उचल." हातातून हातात चाकू गेला का भांडण होते म्हणे. मी मुद्दाम हात पुढं केला का डोळे वटारत. "मायासंग भांडाचं हाय का तुले, मॅडम?"

पांढरकवड्याच्या हायवेवर त्याईनं जिंदगीभर ट्रक दुरुस्त केले. मंग घरी बसले, तं अख्ख्या गल्लीचे चाकू त्याईच्याचकडे. मागच्या ओट्यावर बसून दगडावर पाणी शिंपडत अन् सुरू, खस्स... खस्स... मले लय घाई! "झालं का चाचा?" "लोखंड हाय बेटा, मोबाईल नोहे. बोट फिरवलं अन् झालं." शेवटी कांद्याचं साल हवेत धरून कापून दाखवत. हवेत!

मंग त्याईचे हात थरथरायले लागले. एका चाकूले अख्खी दुपार. एकदा अंगठा चांगलाच कापला. फडकं गुंडाळत हासले, "लोखंडानं आज वळखलं नाही मले."

मले वाटलं, आता त्याईले त्रास नको. गुपचूप बसस्टँडजवळच्या मशीनवर चाकू नेला. पाच मिनिटांत काम! चाचा विचारत, "चाकू नाही आणला काहून?" मी म्हणायची, "धार हाय ना अजून." उन्हाळाभर हेच सांगतलं.

मम्मीले यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कॉलेजात गेली असताना तिनं तोच चाकू चाचाले नेऊन देल्ला. संध्याकाळी मी आणाले गेली, तं दगड कोरडाच. चाचा पात्यावर नख फिरवून राह्यले होते.

"मशीन लागली याले."

"चाचा, तुमचा हात थरथरते म्हणून..."

"हो. हातच तं हाय."

अन् त्याईनं चाकू मुठीकडून माया हातात देल्ला. फरशीवर नाही. हातात.

भांडले नाहीत. भांडले असते तं बरं झालं असतं! दिसलं का "जेवली का?" विचारत, पण चाकू पुन्हा कधी मांगतला नाही. माफी मांगाची रोज ठरवली, रोज राहून गेली. थंडीत चाचा गेले.

चाचीनं त्याईचा दगड मलेच देल्ला. आता मी आमच्या ओट्यावर बसते, पाणी शिंपडते, घाई करत नाही. धार लागली का चाकू फरशीवर ठेवते. थोडा वेळ तसाच राहू देते.

मंग मीच उचलते.