चांदपाशानं काढून दिलेली तारीख

वरच्या गल्लीत असो की खालच्या, घरात कार्य निघालं की लोक आधी चांदपाशाकडं येत. गुरुजी आणि काझी नंतर. चांदपाशा पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हमन. पडेगावच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या वसाहतीत टाकी एक, गल्ल्या दोन आणि व्हॉल्व्हही दोन. नळाला पाणी दर सहाव्या दिवशी. आधी ते तिसऱ्या दिवशी येई, त्याआधी दिवसाआड. तो रोजंदारीवर लागला तेव्हा तर रोज यायचं, पण हे सांगताना आता त्याला स्वतःलाच आपण थाप मारतोय असं वाटे.

किराणा दुकानातून मिळालेलं कॅलेंडर मांडीवर घेऊन तो सहा-सहा घरं पुढं सरके आणि एका चौकोनावर बोट टेकवी. "या दिवशी पाणी. दुसऱ्या दिवशी कार्य धरा." शंभर माणसांची पंगत कोरड्या हौदावर उठणार कशी? मग मुहूर्तही त्या चौकोनाच्या शेजारीच सापडे.

वरच्या गल्लीतल्या द्वारकाबाईंच्या नातीचा साखरपुडा असाच ठरला. दोन महिन्यांपूर्वी चांदपाशाचं बोट एका बुधवारावर टेकलं. साखरपुडा गुरुवारचा.

त्या आठवड्यातल्या रविवारी मोठी जलवाहिनी फुटली. रविवार, सोमवार टाकीत थेंब आला नाही. सोमवारची पाळी खालच्या गल्लीची होती, आणि चांदपाशाचं घर खालच्याच गल्लीत.

मंगळवारी टाकी भरली. तो कार्यालयात गेला, तर फळ्यावर आदेश लागलेला: सगळ्या पाळ्या दोन दिवस पुढं. म्हणजे बुधवारी खालची गल्ली, शुक्रवारी वरची. तो जिना उतरतोय तोच फोनवर दुसरा आदेश आला: पाळी हुकली त्यांनी पुढच्या पाळीची वाट पाहावी, बाकीच्यांना ठरल्या दिवशी. म्हणजे बुधवारी वरची, आणि खालची थेट रविवारी. तो जिना पुन्हा चढला.

"साहेब, यातला खरा कोणता?"

साहेब त्याच्या मुलाच्या वयाचे. "दोन्ही लागू आहेत, चाचा."

"मंग नवा धरू?"

"फळ्यावरचा रद्द कुठं झालाय?"

"पन टाकी एकच हाय ना, साहेब."

"तुमच्या पातळीवर बघून घ्या. तीस वर्षं झाली तुम्हाला."

आपली पातळी कोणती, याचा तो घरी पोचेपर्यंत विचार करत राहिला. दोन्ही व्हॉल्व्हचं चेंबर रस्त्याखाली तीन फूट होतं. त्यात उतरलं की वरच्या माणसांचे नुसते पाय दिसत, आणि पायांवरून कोण कुठल्या गल्लीचं ते ओळखू येत नसे.

बुधवारी सकाळी तो लांब दांड्याची चावी घेऊन चेंबरपाशी आला, तर दोन्ही गल्ल्या तिथं आधीच हजर.

"चांदभाऊ, मंडप पडलाय दारात," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमच्याच तोंडची तारीख हाय. आता मागं फिरू नका."

"अन् आमचं काय, अक्का?" खालच्या गल्लीतला गयास रिकामी घागर आपटत म्हणाला. "आठ दिवस झाले. ड्रममधी निस्तं ऊन भरून ठिवलंय. फळ्यावर आमचाच नंबर हाय, मी फोटू काढून आनलाय."

"माझ्या फोनात बी हाय की आदेश. तुझा फोटू मोठा का?"

"दोघांना अर्धं अर्धं सोडा की, चाचा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"चढत नाय रे. अर्ध्यानं कुनाच्याच नळाला येत नाय," चांदपाशा म्हणाला. गर्दीत फहमिदा होती. त्याची बायको. कडेवर हंडा, हंडा कोरडा. तिची नजर चावीवर होती.

तो चेंबरमध्ये उतरला. चावी त्यानं वरच्या गल्लीच्या व्हॉल्व्हला लावली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. सोळा फेऱ्यांचा व्हॉल्व्ह. एक, दोन, तीन. वर गलका वाढला. फळा बरोबर होता. फोनही बरोबर होता. अक्का बरोबर होत्या, गयासही. सगळेच बरोबर असताना पाणी चुकत कुठं होतं? त्याचे हात थांबले. कितवा फेरा? तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याची मोजणी हरवली होती. त्यानं वर पाहिलं. नुसते पाय.

"नौ हुए," वरून फहमिदाचा आवाज आला. "आगे गिनो. जबान दिये सो तुमीच ना?"

दहा, अकरा. सोळाव्या फेऱ्याला पाइपात घरघर झाली आणि पाणी वर चढलं. तो बाहेर आला तेव्हा खालची गल्ली पांगली होती.

गुरुवारी पंगतीत गयास त्याच्याच शेजारी येऊन बसला. राग कालचा काल संपला होता. "चाचा, आमच्या राहतचा निकाह धरायचाय. पुढल्या महिन्यात आपल्याकडं पानी कवा?"

समोर द्वारकाबाईंच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. चांदपाशाचं बोट सवयीनं उचललं गेलं, हवेतच सहा घरं पुढं सरकलं, थबकलं, दोन घरं मागं आलं.

"आधी काझीसाहेबांना विचार," तो म्हणाला.

गयास हसला, त्याला ती चेष्टा वाटली. तेवढ्यात वाढपी तांब्या घेऊन आला. पेला अर्धा भरला, तसा चांदपाशानं त्यावर हात आडवा धरला.