काळ्या पाइपावरून गेलेली वाट

सेहेचाळिसाव्या वर्षी मी सायकल घेतली. परळला आमची चाळ पाडून जो टॉवर उभा राहिला त्याच्या पंधराव्या मजल्यावर आम्ही राहतो, त्यामुळे सायकल लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी करून न्यावी लागते. पहिल्या दिवशी शेजारचे काका तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "स्टँड नाही दिला?" मी त्यांना ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय ते समजावलं. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाडे आणि खाचांचे, म्हणजे डांबर संपून खडी-मुरूम लागला तरी चालवत राहता येतं. काका म्हणाले, "मग लालबागच्या खड्ड्यांना बरी आहे."

ती घ्यायला लावली एका मैत्रिणीनं. अकरावी-बारावीला आम्ही एका वर्गात होतो. ती दाताची डॉक्टर झाली, ठाकूरद्वारला तिचा दवाखाना आहे. मी दादरला एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात ड्रॉइंग काढतो. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून तिची पाठ धरायची, म्हणून तिनं सायकल सुरू केली आणि पाठ सुटली. माझं काहीच दुखत नव्हतं. ती म्हणाली, "दुखायची वाट बघणार आहेस का?" रविवारी सकाळी आम्ही अँटॉप हिलच्या चढावर सराव करायचो. ती तीन फेऱ्या मारून चहाच्या टपरीवर बसायची, तेव्हा माझी दुसरी चालू असायची.

मात्र वाटा शोधण्यात मी तिच्या पुढे होतो. उपग्रहाच्या नकाशात डोंगरावर केसाएवढ्या रेघा दिसतात. बैलगाडीची रेघ कुठली, जंगल खात्याची कुठली आणि नुसती पावसाच्या पाण्यानं कापलेली घळ कुठली, हे बघून बघून कळायला लागतं. पहिल्या वर्षी एकदा चुकलो. मी रस्ता म्हणून काढलेली रेघ कोरडा ओढा निघाला आणि तासभर सायकली खांद्यावर घेऊन धोंड्यांतून चालावं लागलं. परतीच्या प्रवासात खोपोलीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पुढे चुका कमी झाल्या. मी वाटा जोडून त्यांचे फेरे तयार करायचो, आम्ही ते चालवून बघायचो, आणि बरे वाटले तर मी ते सायकलवाल्यांच्या अॅपवर सगळ्यांसाठी टाकायचो. खाली लोक लिहायचे. कोणी चढाला शिव्या द्यायचे, कोणी आभार मानायचे. ऑफिसात माझ्या ड्रॉइंगखाली दुसऱ्याची सही असते. इथे माझं नाव असायचं. ते मला आवडत होतं, हे मान्य करायला हरकत नाही.

यातला सगळ्यात चांगला फेरा भोरच्या पश्चिमेला होता. धरणाच्या काठानं सुरू होऊन नाचणीच्या खाचरांतून वर चढायचा, मग गवताच्या लांब पठारावरून पलीकडे उतरायचा. पठाराआधी एके ठिकाणी मात्र वाट तुटत होती. आम्ही दोघं तिथे नकाशा बघत उभे असताना वरच्या चार घरांच्या वस्तीतून एक बाई खाली आल्या. आमच्याच वयाच्या असतील. हातात विळा होता.

"कुठं जायचंय?"

"पठारावर," मैत्रीण म्हणाली.

"मग खाली काय करताय? आमच्या गोठ्यामागनं जावा की. थेट वर निघाल."

त्यांनी आम्हाला पाणी दिलं, गोठ्यामागची पायवाट दाखवली, आणि एवढ्या लांबून सायकल चालवायला येणारी बाई डॉक्टर आहे हे कळल्यावर दुखणारी दाढही दाखवली. मैत्रिणीनं तिथेच अंगणात मोबाइलच्या उजेडात दाढ बघितली, गोळ्या लिहून दिल्या आणि भोरला जाऊन ती काढून घ्या असं बजावलं. आम्ही निघालो. पायवाट उत्तम होती. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ती फेऱ्यात जोडली आणि फेरा अॅपवर टाकला. त्या बाईंना विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही.

त्या हिवाळ्यात तो फेरा खूप चालला. पुण्याहून लोक गटागटानं जायला लागले. फोटोंत मला तो गोठा ओळखू यायचा.

आम्ही पुन्हा गेलो ते मार्चमध्ये. गोठ्यामागच्या वाटेच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या रचल्या होत्या. आम्ही उतरलो. बाई बाहेर आल्या, मैत्रिणीला ओळखलं, दाढ काढल्याचं सांगितलं. पण बसा म्हणाल्या नाहीत.

"वाट का बंद केली, ताई?" मी विचारलं.

त्यांनी काट्या थोड्या बाजूला सारून दाखवलं. वरच्या झऱ्यापासून त्यांच्या टाकीपर्यंत काळा प्लॅस्टिकचा पाइप येत होता. तो वाटेतून आडवा गेला होता, पाचोळ्याखाली. पहिल्या वेळी मला तो दिसला नव्हता. सायकली जाऊन जाऊन तो जोडापाशी चिरला होता. पाणी उतारावर वाहून जात होतं आणि टाकी भरत नव्हती, हे कळायलाच त्यांना दोन दिवस लागले. मग जोड मिळेपर्यंत आठवडाभर त्या आणि त्यांची सून झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणत होत्या. गुरांचं वेगळं.

"माणसं वाईट न्हाईत," त्या म्हणाल्या. "हात करत्यात, पोरांला चॉकलेट देत्यात. पर खाली कुणी बघत न्हाई. आनि येवढी माणसं आमच्याच दारातनं का यायला लागली, ते बी कळंना."

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिलो असतो तर तीही राहिली असती, असं मला आजही वाटतं.

"ताई, तो रस्ता मी टाकला," मी म्हणालो.

"टाकला म्हंजे? वाट तर आमच्या आजेसासऱ्यानं पाडलीया."

मी मोबाइल काढून नकाशा दाखवला. जांभळी रेघ, त्यांचं घर, गोठा. त्यांनी बोटानं रेघ वरून खालपर्यंत चाचपली. घर बरोबर कुठे आहे ते त्यांना लगेच कळलं.

"म्हंजे तुमी आमची वाट सगळ्यांस्नी सांगितली."

"हो."

"आमाला न इचारता."

"हो."

त्या चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "काढून टाकता येती का?"

येते म्हणालो, पण रेंज नव्हती. त्यांनी घरामागचा एक खडक दाखवला. सून माहेरी फोन करायला तिथे जाते म्हणाल्या. मी सायकलचे बूट घालून त्या खडकावर घसरत चढलो, दोन दांड्या रेंज आली, आणि फेरा पुसून टाकला. खाली आल्यावर त्यांना दाखवलं. नकाशावर आता नुसता डोंगर होता.

"आता न्हाई ना कोन येनार?"

इथे मात्र मला खरं सांगावं लागलं. ज्यांनी तो आधीच आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतला होता, त्यांच्याकडून तो काढता येणार नव्हता. त्यांनी मान हलवली आणि काट्या पुन्हा जागेवर सरकवल्या. आम्ही पठारावर न जाता आल्या वाटेनं परतलो.

गाडीत मैत्रीण म्हणाली, "सॉरी तरी म्हणालास का रे?"

मी आठवून बघितलं. म्हणालो नव्हतो.

पंधरा दिवसांनी आम्ही सायकली न घेता गेलो. दादरच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून जाड पाइप आणि पितळी जोड घेतले होते. बाईंच्या मुलानं कुदळ दिली. जिथे वाट पाइपाला कापत होती तिथे हातभर खोल चर खणायचा, नवा पाइप त्यात घालायचा आणि वर सपाट दगड बसवायचे, एवढंच काम. त्याला दुपार झाली. मुरमाखाली कातळ लागला. रोज जबड्यातून दाढा उपटणारी माझी मैत्रीण पहार घेऊन त्या कातळाशी झटत होती आणि बाई गोठ्याला टेकून हसत होत्या. पाणी टाकीत पडल्याचा आवाज आल्यावर मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, "जेवून जावा." नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी होती. मालवणी घरात वाढल्यामुळे सुकटाबद्दल माझी मतं ठाम आहेत, पण त्या दिवशी ती मी स्वतःजवळ ठेवली.

निघताना त्यांनी माझा नंबर घेतला. काट्या त्यांनी काढल्या नाहीत, आणि काढा असं म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

पुढच्या हिवाळ्यापासून फोन यायला लागले. मी दादरला कॉलमचं सळईकाम काढत बसलेलो असायचो आणि पलीकडून त्यांचा आवाज यायचा. "दोघं आल्यात. काट्यांपाशी हुबी हुती, खडकावर घेऊन आलीया. बोला यांच्याशी." मग कोणीतरी दमलेला, गोंधळलेला माणूस फोनवर यायचा. मी त्याला सांगायचो : मागे फिरा, ओढ्यावरचा मोडका पूल लागेल, तिथून उजवीकडे डांबरी रस्ता, लांब पडेल पण पठाराला मिळतो. एक जण वैतागून म्हणाला, "पण रूटमध्ये तर सरळ दाखवतंय."

"ते चुकीचं आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?"

मी त्याला सांगितलं. त्यानं पूल किती लांब आहे ते विचारलं.

आता असे फोन क्वचित येतात. आम्ही अजून जातो, वाटा अजून मीच शोधतो. रेघ घरांच्या जवळून जात असेल तर आधी उतरून दार वाजवतो. कधी लोक हो म्हणतात, कधी कुत्रं अंगावर येतं. वाट चांगली निघाली तर ती आमच्या दोघांच्याच फोनमध्ये राहते. मैत्रिणीला यात फार मोठं काही वाटत नाही. तिचं म्हणणं, वाट अॅपवर असो वा नसो, चढ होता तेवढाच आहे.