पिवळी चिठ्ठी

आमच्या फाउंड्रीत कामाची पद्धत बदलायला मालकांनी पुण्याहून एक कोच आणले. ते रोज सकाळी आम्हाला गोल उभं करायचे आणि छातीवर हात ठेवून म्हणायचे, "इथं कुणी साहेब नाही. मोकळेपणानं बोला." कुणी अडचण सांगितली की पिवळ्या चिठ्ठीवर सुरेख अक्षरात लिहायचे, खाली सांगणाऱ्याचं नाव घालायचे आणि फळ्यावर 'अडथळे' या रकान्यात चिकटवायचे. अडचण सुटली की चिठ्ठी 'झालं'मध्ये जायची, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

ओतकामाचे वाळूचे साचे भरणारा शिवाप्पा कधी बोलायचा नाही. मीच त्याला म्हटलं, "बोल की गड्या."

तो बोलला. "वाळूच वली येतीया. म्हणून मालाला भोकं पडत्यात. खरेदीवाल्या सायबास्नी चारदा सांगिटलं की!"

"व्वा! हेच धाडस हवं," म्हणत कोचनी चिठ्ठी लिहिली.

शुक्रवारी मालक फळा वाचून गेले. शनिवारी शिवाप्पाला घरी बसवलं. सोमवारीही वाळू ओलीच आली.

कोचनी शिवाप्पाची चिठ्ठी अलगद सोडवली, तिचा दुमडलेला कोपरा सरळ केला आणि ती 'झालं'मध्ये लावली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जोरातच.