फ्री म्हणजे फुकट

ताईवरच्या छोट्या फिल्ममध्ये निवेदनाचा आवाज माझा असणार, असं ठरलं तेव्हा मी कोणाला काही बोलले नाही. पण पुढचे कितीतरी दिवस बारामतीच्या घरात दार लावून मी त्यासाठी लिहिलेलं पानभर इंग्रजी मोठ्याने वाचत होते.

ताई माझी चुलत बहीण, अंथुर्ण्याची. डोंगरउतारावरून सायकल घेऊन उड्या मारते आणि त्यावरच तिचं पोट चालतं. या खेळात शर्यत नसते. कड्याच्या टोकाशी उभं राहून खाली उतरायची वाट आपणच ठरवायची, मध्ये हवेत सायकल फिरवायची, मग परीक्षक गुण देतात. गावामागच्या माळावर, काकांनी आणून टाकलेल्या मुरमाच्या ढिगांवरून ती हे शिकली. पुढे हिमाचलात गेली, खांदा मोडून आली, पुन्हा गेली. मग एका सायकल कंपनीने तिला करारावर घेतलं. आता इंदापूरच्या स्टँडसमोर तिचा फ्लेक्स लागलाय, हेल्मेट काखेत धरून हसणारा. मी एसटीतून उतरले की दुसरीकडे बघते.

आमच्या घरात एक वाटणी न बोलता झालेली होती. ताई धीट, मी हुशार. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत, मी इंग्रजी माध्यमात. पाहुणे आले की मला इंग्रजी कविता म्हणायला लावत. मी लाजून अर्ध्यात थांबायचे, तरी कौतुक माझंच व्हायचं. आज मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी इंग्रजी मजकूर लिहिते आणि त्याखाली कोणाचंच नाव नसतं. ताईच्या गुडघ्यावरचे टाके मात्र बायका हात लावून बघतात.

‘फ्रीराइड’ हा ताईच्या खेळाचा शब्द पहिल्यांदा घरात आला तेव्हा आमच्या आजोबांनी, आबांनी, विचारलं होतं, “फ्री म्हंजे फुकटच न्हवं? मग हिला पैसं कोण देतंय?” मी समजावलं, की इथे फ्री म्हणजे मोकळं, मनाला येईल तसं. आबांनी मान हलवली आणि गावभर ‘फुकटची सायकल’ असंच सांगत राहिले. निदान तो शब्द तरी माझा होता. म्हणून फिल्मसाठी मी त्यावरच लिहिलं, मोकळेपणावर. चांगलं लिहिलं होतं, आजही म्हणते.

शूटिंग माळावर झालं. शेवटची उडी झाल्यावर ताई उतारावरच बसली, गालाला मुरूम चिकटलेला. पुण्याहून आलेल्या दिग्दर्शकाला माइक तपासायचा होता, म्हणून तो तिला म्हणाला, काहीही बोल.

“आमच्यात फ्री म्हंजे फुकट,” ती म्हणाली. “आबा अजून म्हणत्यात, पोरगी फुकटची सायकल खेळती. आता फुकट काय हाय यात? खांदा दिला, दोन दात दिलं. पर मी हवेत असते तवा कुणी काय मागत न्हाय बघा. तेवढं फुकट.”

दिग्दर्शकाने कानावरचे हेडफोन काढले. मग माझ्याकडे वळून फार सभ्यपणे म्हणाला, की आवाज हिचाच ठेवू, तुम्ही सबटायटल्स करून द्याल का.

“वाईट वाटलं का मॅडम?” ताईने विचारलं. ती मला लहानपणापासून मॅडम म्हणते.

“नाही.”

“मग कर की. तुझ्याबिगर कोण करणार?”

ती मनापासून बोलली. त्याचा मला जास्त राग आला.

घरी येऊन लिहायला बसले, तर पहिल्याच वाक्याला अडले. फ्री म्हणजे फुकट. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. लिहिलं तर फ्री म्हणजे फ्री. शेवटी ‘आमच्याकडे या शब्दाचा अर्थ पैसे न पडता’ असं काहीतरी लांबलचक लिहून दिलं. विनोद मेला. तिच्या तोंडी तो जिवंत होता आणि माझ्या हातात आल्यावर मेला, हे मी कोणाला सांगितलं नाही.

फिल्म आली तेव्हा सगळे अंथुर्ण्यात काकांच्या टीव्हीसमोर बसलो. ते वाक्य आलं आणि आबांनी मांडीवर थाप मारली, हसता हसता त्यांना खोकला लागला. माझी आई शेजारी होती. तिने हळूच विचारलं, “यात तुझं काय हाय गं?”

“खालची अक्षरं.”

आईने पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. तोवर ती ओळ गेली होती आणि ताई हवेत होती.