कळफलकातले कुंकू

खंडेनवमीला घरातल्या यंत्रांची पूजा करण्याची आमची रीत आहे. शिलाई यंत्राशेजारी माझा लॅपटॉपही पाटावर मांडला जातो. यंदा पत्नीचा हात सैल सुटला, कुंकू कळफलकात सांडले आणि काही कळा दबेनाशा झाल्या.

मी प्रथमपासून एकाच कंपनीची यंत्रे घेत आलो. पूर्वी कंपनीचा माणूस घरी येई, स्क्रू काढून आत फुंकर घाली आणि चहा घेऊन जाई. पुढे माणसाच्या जागी फोनवर ध्वनिमुद्रित आवाज आला. नंतर स्क्रूही गेले. या वेळी सेवाकेंद्रातली मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, हे मॉडेल उघडत नाही. नवीनच घ्या." ज्यावर माझे अलीकडचे सारे लेखन झाले, ते यंत्र टाकून द्यायचे होते.

घरी पत्नीने ऐकून घेतले. "त्यांना कशाला विचारत बसलात? कुंकू मी सांडलंय, मीच काढते." तिने लॅपटॉप वर्तमानपत्रावर पालथा धरला आणि तान्ह्या मुलाला ढेकर यावा म्हणून थोपटतात तशी त्याची पाठ थोपटली. तांबडी भुकटी झरझर खाली आली. सगळ्या कळा चालू लागल्या.

"आता कंपनीला कळवा," ती म्हणाली.

"नको. पाठ थोपटणंही बंद करतील."

आम्ही दोघेही बराच वेळ हसलो. हत्याराची पूजा करताना कारखानदाराला कोणी फूल वाहत नाही. मी मात्र इतकी वर्षे कंपनीलाच फुले वाहत होतो. लगेच लिहायला बसलो. बोटांची टोके तांबडी होत होती; मी ती पुसली नाहीत.